चार मिनिटांचे आकाश

मित्रांनो, संग्रहालयाच्या तळमजल्यावर शिरताच उजव्या हाताला एक जुने, रुंद छातीचे, गडद निळ्या रंगाचे विमान तुम्हाला दिसते. त्याच्या प्रोपेलरची पाती केळीच्या कोवळ्या पानांसारखी मागे वळलेली पाहून तुम्ही एकमेकांना कोपराने ढोसता. ते विमान मी. माझ्यापुढे एक पाटी आहे. तिच्यावर माझी लांबी, माझे वजन, माझे जन्मवर्ष आणि माझा सर्वाधिक वेग लिहिलेला आहे. ते सारे आकडे खरे आहेत. पण पाती कशाने वळली हे पाटीवर नाही. ते आज मी सांगणार आहे, कारण ते कळल्यावाचून माझी एक विनंती तुम्हाला कळणार नाही.

मी इंग्लंडात जन्मले, अमेरिकेत धावले आणि सिंगापुरात वृद्ध झाले. तरी मराठीत बोलते, याचे नवल मानू नका. पहिली साठ वर्षे माझ्यावर पुष्कळांनी हुकूम सोडले, शिव्या घातल्या, पैजा लावल्या. माझ्याशी बोलणारा मनुष्य मात्र मला येथेच भेटला, आणि त्याची जी भाषा तीच माझी झाली.

दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे लोटल्यावर मी कारखान्यातून बाहेर आले. ज्या युद्धासाठी माझी आकृती रेखाटली गेली ते युद्ध, मी कागदावर असतानाच आटोपले होते. माझ्या डाव्या पंखाला रिव्हेट ठोकणारी एक प्रौढ स्त्री दर शंभर ठोक्यांनंतर थांबून हाताची बोटे चोळीत असे. तिचा मुलगा युद्धातून परतला नव्हता, हे मी तिच्या शेजारणीकडून ऐकले. तिने ठोकलेला एकही रिव्हेट आजवर सैल झालेला नाही.

मला नौदलात धाडण्यात आले. विमानवाहू जहाजाच्या पोटात जागा थोडी, म्हणून माझे पंख नमस्कारासाठी हात जोडावेत तसे वर दुमडता येत. मी कित्येकदा समुद्रावरून उडाले, पण मनुष्यावर गोळी झाडण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही, आणि त्याबद्दल मी आजही मनोमन हात जोडते. पुढे जेट विमाने आली. आमच्यासारख्यांना मैदानाच्या कडेला उभे करून ठेवण्यात आले. माझ्या सावलीत मेंढ्या बसत. चार वर्षे मी मेंढ्यांखेरीज कोणाच्या उपयोगी पडले नाही.

भंगाराच्या भावाने मला ज्याने उचलले तो अमेरिकन शेतांवर औषधफवारणी करणारा वैमानिक होता. त्याला युद्ध नको होते, वेग हवा होता. त्याने माझे पंख दोन्ही टोकांना छाटले. बंदुकांची भोके बुजवली. कॉकपिटवरचे छत इतके खाली बसवले की त्याचे डोके त्याला टेकत असे. जुने इंजिन काढून अठरा सिलिंडरांचे दांडगे इंजिन माझ्या छातीत बसवले. मग नेव्हाडाच्या वाळवंटात, उंच खांबांच्या भोवती, जमिनीपासून ताडाच्या उंचीवर, ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वेगाने मी शर्यती धावले. लोक टोप्या उडवीत. वर्तमानपत्रांत माझी छायाचित्रे येत.

त्या शर्यतींत माझ्याच कारखान्याची आणखी दोन विमाने असत. त्यांपैकी एक माझ्या डोळ्यांदेखत गेले. तिसऱ्या फेरीत, माझ्या पुढे दोनशे हातांवर असताना, त्याच्या शेपटीचा तुकडा सुटला. ते एकदम वर गेले, आणि मग वाळूत. आम्ही मागचे सारे त्या धुरातून पार झालो. वेग इतका होता की दुसरा मार्गच नव्हता. त्याच्या वैमानिकाला दोन लहान मुली होत्या. उरलेले दुसरे विमान पुढे एका संग्रहालयाच्या छताला तारांनी टांगले गेले. जिवंत राहायचे असेल तर टांगून घ्यावे लागते आणि उडायचे असेल तर जळण्याची तयारी ठेवावी लागते, ही आमच्या कुळाची गत. कोणते बरे, हे मला कोणी कधी विचारले नाही. विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

सतरा वर्षांपूर्वी मला तान साहेबांनी विकत घेतले. त्यांचे वडील जुन्या काळी सेलेटारच्या हवाई तळावर गोऱ्या सैनिकांचे कपडे धूत असत. कपड्यांच्या गाठोड्यावर बसून लहानग्या तान साहेबांनी जी विमाने पाहिली, त्यांतले एक आपल्या मालकीचे असावे, हा ध्यास त्यांनी साठ वर्षे जपला. त्यांनी मला जहाजाने आणवले आणि त्याच सेलेटारच्या धावपट्टीलगत एका हँगरमध्ये ठेवले. पहिल्या काही वर्षांत मी तीन वेळा उडाले. मग मला उडवणारा त्यांचा मित्र वारला. त्यानंतर अकरा वर्षे मी जमिनीवर होते.

त्या अकरा वर्षांत मी गंजून मेले नाही, ते केवळ गोपीनाथरावांमुळे.

गोपीनाथराव मूळचे हर्णैचे. चाळीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये लेकीपाशी राहत, आणि रोज सकाळी एमआरटीची मेट्रो आणि मग बस करून माझ्याकडे येत. सिंगापूरची हवा दमट आणि खारी. तिच्यात पोलाद उघडे टाकले की ते आठवड्यात तांबूस होते. माझ्यासारख्या इंजिनाची आणखी एक खोड आहे. उभे राहिले की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच चालू केले तर आतले दांडे वाकतात. म्हणून प्रोपेलर हाताने फिरवून पाहावा लागतो, आणि कोठे अडले तर बळ न लावता थांबावे लागते. जहाजावर थांबलेले इंजिन रोज थोडे फिरवून ठेवण्याची त्यांची जन्माची सवय. ती त्यांनी माझ्यापाशीही सोडली नाही. दोन्ही हात पात्यावर ठेवून ते विचारीत, “काय राजे, झोप झाली का?” मग ओठांतल्या ओठांत स्तोत्र पुटपुटत एकेक पाते खाली ओढीत.

तान साहेब ऐंशीच्या घरात पोहोचले, तेव्हा माझे काय करायचे असा प्रश्न निघाला. ऑस्ट्रेलियात जुनी विमाने उडती ठेवणारी एक मंडळी आहे. ती मला न्यायला सिद्ध होती, पण माझे एक चाचणी-उड्डाण निर्विघ्न पार पडले तरच. दुसरीकडे येथेच, सिंगापुरात, हे नवे खासगी संग्रहालय उभे राहत होते. त्याची अट उलटी होती. संग्रहालयात आलेले विमान पुन्हा कधी कोणी उडवू नये, म्हणून पंखांना धडाशी धरणारा मुख्य दांडा आरपार भोके पाडून निकामी करायचा.

“उडालं तर ऑस्ट्रेलिया, नाही उडालं तर म्युझियम,” तान साहेब म्हणाले. वाक्याअखेर ‘ला’ जोडायची त्यांची सिंगापुरी सवय. “फिनिश, ला. मला मरायच्या आधी हे मिटलेलं पाहिजे.”

त्या संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम जिच्याकडे होते ती मेधा, गोपीनाथरावांचीच मुलगी. त्यामुळे माझ्या नशिबाचा वाद बुकित बातोकच्या जेवणाच्या टेबलावर सुरू होई आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पंखाखाली पुरा होई.

“बाबा, जगात अशी किती उरलीत तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणे. “एक पडलं की एक कायमचं कमी. माणसासकट.”

“आणि तू भोकं पाडलीस की?”

“की ते राहील. शंभर वर्षं राहील.”

“राहील म्हणजे काय गं? मला खुर्चीला बांधून ठेवलंस तर मीही राहीन.”

“तुम्हाला खुर्चीला बांधणं कोणाला जमायचंय!” असे म्हणून ती हसे, पण तिचे बोट तोवर माझ्या एखाद्या जुन्या ओरखड्यावरून हळूच फिरत असे. मित्रांनो, तिला माझा द्वेष नव्हता. ती माझ्या मरणाला भीत होती, आणि तिचे वडील माझ्या न जगण्याला. दोघांच्या मध्ये मी उभे होते, आणि माझ्या बाजूने बोलायला मलाच तोंड नव्हते.

चाचणी-उड्डाणासाठी कादंबरी नावाची वैमानिक आली. ती येथल्या एका विमान-प्रशिक्षण शाळेत शिकवी आणि सुट्टीत ऑस्ट्रेलियात जाऊन जुनी विमाने उडवी. बुटकी, मोठ्या आवाजाची, चाळिशीची स्त्री. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पोटाखालची तेलाची थाळी पाहिली.

“काका, एवढं तेल? माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्यालाही कधी एवढं तेल लावलं नसेल.”

“गळतंय तोवर काळजी नाही,” गोपीनाथराव गंभीरपणे म्हणाले. “गळायचं थांबलं की समजायचं, आत संपलं.”

“हे माझ्या नवऱ्याला लागू नाही ना?”

गोपीनाथराव हसले, आणि त्या दिवसापासून तिच्यावर त्यांचा विश्वास बसला. तीन महिने दोघे माझ्या अंगोपांगांवर खपले. नव्या नळ्या, नव्या तारा, नवे टायर. इंजिन सुरू झाले त्या दिवशी माझ्या निळ्या धुराने सारे हँगर भरले, आणि तान साहेब खोकत खोकत टाळ्या वाजवू लागले. वेगाचा, उंचीचा, दाबाचा, प्रत्येक काटा तपासून झाला. उड्डाणाची तारीख ठरली. ती दसऱ्यानंतरच्या सोमवारी आली.

येथे, मित्रांनो, थोडे थांबून तुम्हाला एक लहानशी वस्तू शब्दांनी दाखवते. माझ्या डाव्या पंखाच्या टोकाशी एक बारीक नळी पुढे आलेली आहे. तिच्या तोंडात वारा शिरतो, आणि तो किती जोराने शिरतो त्यावरून वैमानिकापुढचा काटा वेग सांगतो. वेग फार कमी झाला तर विमान दगडासारखे पडते. म्हणून ती नळी धुळीपासून आणि किड्यांपासून जपायला तिच्यावर एक लाल टोपी घालून ठेवतात. जहाजाला अशी नळी नसते. गोपीनाथरावांना माझे इंजिन तळहातासारखे ठाऊक होते. पण ती नळी म्हणजे वैमानिकाचे काम, अशा समजुतीने त्यांनी तिच्यात कधी लक्ष घातले नव्हते.

दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, हा त्यांचा जहाजावरचा शिरस्ता. भर समुद्रात असोत की परक्या बंदरात, ते त्या दिवशी स्नान करून इंजिनखोलीत जात आणि मुख्य इंजिनाला हळदकुंकू वाहत. त्या दसऱ्याला ते सकाळीच आले. टेक्का मार्केटातून आणलेल्या झेंडूच्या माळा त्यांनी माझ्या प्रोपेलरला बांधल्या. मग माझ्यावरच्या साऱ्या लाल टोप्या आणि झाकणे एकेक करून काढून त्यांनी बाजूला ओळीने मांडली. मेधा कौतुकाने पाहत होती. तिने विचारले, “बाबा, ती कशाला काढताय?”

“झाकल्या मुखाला गंध लावतात का कुठे?”

तिने मान हलवली. तिलाही त्यात वावगे वाटले नाही. कादंबरी त्या दिवशी तेथे नव्हती.

त्यांनी माझ्या प्रोपेलरच्या मध्यावर कुंकवाचे बोट ओढले. चाकांना लावले. पंखांच्या टोकांना लावले. डाव्या टोकाशी आले, तेव्हा पुढे आलेली ती नळी त्यांना माझ्या नाकाच्या शेंड्यासारखी वाटली असावी. त्यांनी ओले कुंकू अनामिकेने तिच्या तोंडाशी टेकवले, आणि कपाळी लावतात तशा त्यावर दोन-चार अक्षता अंगठ्याने दाबून बसवल्या. बाकीच्या चिकटल्या. एक आत गेली.

मला ते त्याच क्षणी कळले. वाऱ्यासाठी उघडे असलेले माझे ते मुख ओल्या कुंकवाने आणि तांदळाच्या एका दाण्याने बुजले. गोपीनाथराव दोन पावले मागे सरले, हात जोडले, आणि डोळे मिटून म्हणाले, “आमच्या हातून काही राहिलं असेल तर पोटात घाला, राजे. सोमवारी कादंबरीला सांभाळून आणा.” माझ्याकडे जे मागितले जात होते तेच माझ्यापासून काढून घेतले गेले होते, आणि घेणाऱ्याचे डोळे भक्तीने ओले होते. मी काय करणार होते?

दुपारी मेधा म्हणाली, “बाबा, कुंकवाने रंगावर डाग पडेल.” तेव्हा त्यांनी मऊ फडके ओले करून माझे सारे अंग पुसले, नळीचे तोंडही बाहेरून स्वच्छ, चकचकीत पुसले. लाल टोपी परत घातली. आत कुंकू वाळत गेले.

मध्ये तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत गोपीनाथराव माझ्यापाशी कितीतरी वेळ बसले. ते मला हर्णैच्या बंदराविषयी सांगत, आणि ऑस्ट्रेलियात हवा कोरडी असते, तुम्हाला मानवेल, असे समजावीत. मी मनात म्हणत होते, ती टोपी एकदा काढा. एकदा आत पाहा. माझी सारी शक्ती, अठरा सिलिंडरांची, त्या एका वाक्याला जन्म देऊ शकत नव्हती.

सोमवारी सकाळी कादंबरी आली. पद्धतीप्रमाणे तिने माझ्याभोवती फेरी मारली, प्रत्येक झाकण स्वतः काढले, नळीच्या तोंडाकडे वाकून पाहिले. तोंड स्वच्छ होते. आत काळोख होता, आणि तेथे काळोखच असतो. आदल्या आठवड्यातच तपासणी झाली होती. तिने गोपीनाथरावांना विचारले, “काका, यानंतर कोणी काही हलवलं नाही ना?”

“मी जातीने इथे होतो,” ते अभिमानाने म्हणाले. “माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही.”

ते खरेच होते.

आता मी जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण आत्मवृत्तात खोटे बोलू नये. इंजिन सुरू झाले, मी हँगरबाहेर आले, धावपट्टीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि अकरा वर्षांनी समोर मोकळी सरळ वाट दिसली. तेव्हा मी तो दाणा विसरले. मी धावले. शेपूट उचलली गेली. माझे इंजिन मला एका बाजूला ओढते, त्याला आवरण्यात कादंबरीचे दोन्ही पाय आणि सारे लक्ष गुंतले. जमीन सुटली. सेलेटारची झाडे, सामुद्रधुनीचे करडे पाणी, पलीकडचा जोहोरचा किनारा, सारे माझ्याखाली आले. मित्रांनो, काय सांगू! छाटलेले असले तरी ते पंखच होते.

तेवढ्यात कादंबरीची नजर वेगाच्या काट्यावर गेली. काटा शून्यावर होता.

तिने काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिने नियंत्रण मनोऱ्याला शांत आवाजात कळवले, “वेग दिसत नाही. परत येते आहे.” मग, आत एकटीच असल्यामुळे, मला मराठीत म्हणाली, “बाळा, घरी जाऊ या. गपचूप.”

मला माझा वेग ठाऊक होता. माझ्या कातडीवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा कण न् कण मला मोजता येत होता. ती वळणावर भिऊन इंजिन वाढवी, तेव्हा मला सांगायचे असे, पुरे, तू फार वेगात आहेस. पण माझ्या तोंडात तांदूळ होता. तिच्या जागी कोणीही शहाणा वैमानिक असता तरी त्याने हेच केले असते. हळू झालो तर पडू, म्हणून थोडे अधिकच वेगाने उतरावे. ती तशीच उतरली. चाके टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे गेली होती. उरलेली पुरली नाही. शेवटाच्या पलीकडचे गवत पावसाने लोण्यासारखे झाले होते. चाके रुतली, शेपूट उभी राहिली, आणि माझी फिरती पाती चिखलात घुसून एकेक वळली.

अवघी चार मिनिटे मी आकाशात होते.

कादंबरीला खरचटलेसुद्धा नाही. मदतीला धावलेल्यांनी टाकलेला दोर धरून ती खाली उतरली, चिखलात बसली आणि बराच वेळ उठली नाही. गोपीनाथराव धावपट्टीच्या कुंपणापाशी तारेला धरून उभे होते. आत यायची परवानगी नव्हती म्हणून तेथेच उभे होते.

चौकशी सुरू झाली. एवढ्या वेगाने का उतरलात, हा पहिला प्रश्न. शाळेने कादंबरीला निकाल लागेपर्यंत घरी बसवले. चौकशी करणाऱ्यांपैकी एकाने लिहिले की काटा बंद होता हे केवळ वैमानिक म्हणते. मला वाकलेल्या पात्यांसह हँगरमध्ये ओढून आणले गेले. वेग मोजणाऱ्या यंत्रणेची तपासणी पुढच्या दिवशी व्हायची होती.

त्या संध्याकाळी गोपीनाथराव माझ्याजवळ एकटे होते. ते माझ्याभोवती फिरले, जणू काही हरवलेले शोधीत होते. डाव्या पंखापाशी थांबले. खिशातला चष्मा काढला, विजेरी काढली, आणि नळीच्या तोंडात प्रकाश टाकला. फार वेळ पाहिले. मग ते खाली, सिमेंटच्या जमिनीवर बसले. मी त्यांना कधी जमिनीवर बसलेले पाहिले नव्हते. गुडघे दुखत असत त्यांचे.

त्यांना तो दाणा तेव्हाच सुईने काढून टाकता आला असता. कोणी पाहत नव्हते. मी पाहत होते, पण माझे पाहणे कोणाच्या उपयोगाचे? त्यांनी काढला नाही. लाल टोपीही घातली नाही. रात्रपाळीच्या रखवालदाराला तेथे बसवून, कोणालाही हात लावू देऊ नकोस असे बजावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी सर्वांच्या समोर नळी सोडवली. गोपीनाथरावांनी आधीच आपल्या हाताने सारे लिहून आणले होते. नळीतून कुंकवाची पापडी निघाली आणि तिच्यात रुतलेला लाल दाणा. तान साहेब, मेधा, कादंबरी, सारी वाकून पाहत होती.

“हे काय आहे?” तान साहेबांनी विचारले.

“तांदूळ,” गोपीनाथराव म्हणाले. “मी घातला.”

“तांदूळ? एक तांदूळ?”

“एकच.”

मेधा पुढे झाली. “बाबा, मीही तिथेच होते. टोप्या काढताना मी पाहिलं होतं.”

“तू विचारलंस. मी उत्तर दिलं. तू गप्प बैस.” मग ते कादंबरीकडे वळले; पण वर पाहू शकले नाहीत. “पोरी, तू मला विचारलं होतंस, कोणी हात लावला का. मी काय सांगितलं, तुला आठवतंय ना?”

कादंबरीने तो दाणा बराच वेळ पाहिला. मग ती म्हणाली, “काका, माझ्या लग्नात तीनशे माणसांनी अक्षता टाकल्या. त्यांतली एकही इतकी नेमकी लागली नव्हती.”

तान साहेबांनी गोपीनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “माझी आई माझ्या पहिल्या लॉरीला उदबत्ती लावायची. सीट जाळली होती तिने. काय करणार, ला? प्रेमच ते.” पण गोपीनाथरावांनी तो हात हळूच बाजूला केला. ज्याला रागावण्याचा अधिकार आहे त्याने रागावू नये, हे त्यांना सोसवत नव्हते.

त्यांच्या लेखी जबाबाने कादंबरी निर्दोष ठरली आणि आठवड्याने कामावर रुजू झाली. ऑस्ट्रेलियाच्या मंडळींनी सौजन्याचे पत्र पाठवून मला नाकारले. वाकलेल्या पात्यांबरोबर इंजिनाच्या आतलेही बरेच काही तुटले होते.

मला येथे आणले गेले. दांड्याला भोके पाडण्याचे काम मेधानेच केले. दुसऱ्या कोणाला तिने ते करू दिले नाही. ड्रिल हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. “मला तू इथे हवं होतंस,” ती मला म्हणाली. “पण असं नको होतं रे.” मग तिने डोळ्यांवर जाड चष्मा ओढला. पहिले भोक पाडायला तिला बराच वेळ लागला. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले नाही. एवढेच कळले की आता वारा कितीही आला तरी तो माझ्यासाठी नाही.

येथे माझी उत्तम काळजी घेतली जाते. हवा कोरडी आणि थंड ठेवलेली असते. माझ्यावर धूळ बसत नाही. मी शंभर वर्षे राहीन, असे मेधा म्हणते, आणि ती खोटे बोलत नाही. वाळूत जळालेल्या माझ्या भावंडाची मला आठवण येते, तेव्हा त्या वैमानिकाच्या दोन मुलींचीही येते. आणि कादंबरी घरी सुखरूप आहे, यात मी समाधान शोधते. पुष्कळदा ते सापडतेही.

पण गोपीनाथराव येत नाहीत. मेधा एकदा कादंबरीला माझ्यापाशीच सांगत होती, “बाबा जुरोंग ईस्टपर्यंत येतात गं. इकडे यायला गाडी बदलायची असते ना, तिथपर्यंत. फलाटावर बसतात, आणि उलट गाडीने घरी जातात. घरात आता कशालाच हात लावत नाहीत. परवा नळ गळत होता, तर म्हणाले, प्लंबरला बोलाव.”

“मी बोलू का त्यांच्याशी?” कादंबरीने विचारले.

“तुझ्याशी बोलतीलच. पण माफी तुझी नकोय त्यांना.”

म्हणून मित्रांनो, ज्यावर तुम्ही प्रेम करता त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे हात लावण्यापूर्वी जाणून घ्या, असे मी तुम्हाला अवश्य सांगेन. पण त्यासाठी मी एवढे लांब बोलले नाही. माझी विनंती निराळी आहे. तुमच्यापैकी कोणी जुरोंग ईस्टला गाडी बदलत असेल, आणि सकाळी दहाच्या सुमारास फलाटावरच्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यातले, दोन्ही हात मांडीखाली दडपून बसलेले एक वृद्ध गृहस्थ दिसले, तर दोन मिनिटे त्यांच्यापाशी थांबा. त्यांना सांगा, आम्ही विमान पाहून आलो. ते तुमच्यावर रागावलेले नाही. ते तुमची वाट पाहत आहे. मला हे सांगता येत नाही, तुम्हाला येते. आणि जरा मोठ्याने सांगा. इंजिनांजवळ जन्म काढल्यामुळे त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.